चष्मेवाल्याची साक्ष

६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कान धरलेले आहेत असं समज. लिहायला बसले की कोणीतरी दार ठोठावतं, आणि आमच्या ऑफिसचं दार ठोठावणारा माणूस कधी हसत येत नाही. मागच्या आठवड्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या खिडकीवर कोणी काय काय लिहून गेलं. मी आणि आमच्या वकीलबाई बादली घेऊन पुसायला गेलो. पुसलं तसा रंग पसरला आणि अक्षरं लांबूनही वाचता यायला लागली. वकीलबाई म्हणाल्या, इतकी वर्षं आपण दुसरं काय करतोय? शेवटी काचच काढून टाकली आणि पुठ्ठा लावून दिला.

आता कामाचं. एका कायद्यासाठी आमच्या संस्थेने नऊ वर्षं सरकारी उंबरे झिजवले, हे तुला तोंडपाठ आहे. माणसाला तो अमक्या घरचा, तमक्या बोलीचा, अमक्या देवाचा म्हणून मारलं, तर ते साध्या भांडणापेक्षा वेगळं धरा, तसं लिहून घ्या आणि शिक्षाही जास्त द्या, एवढंच आमचं मागणं. आज तसं काही नाही. तुझंच बघ. दोघं भरदुपारी दुकानात शिरले, तुम्ही लोक इथून निघा म्हणत काचा फोडल्या, तुझं मनगट मोडलं, आणि पोलिसांच्या कागदावर काय आलं? दुकानात वादावादी, मालाचं नुकसान, किरकोळ दुखापत. दंड भरून दोघंही दिवेलागणीला आपापल्या घरी. का मारलं, ते कुठेच नाही.

अखेर आमचा मसुदा समितीपुढे आला आहे. मार्चमध्ये मुख्य सुनावणी. आकडे पुरेत म्हणतात, ज्याच्यावर बेतलं असा एक माणूस समोर बसून बोलला तर ऐकू. मी पुष्कळांना विचारून पाहिलं. सगळ्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि नाही म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण माणूस मिळाला नाही तर मसुदा पुन्हा फडताळात जाईल, आणि तो पुन्हा बाहेर काढायचं बळ निदान माझ्यात तरी उरलेलं नाही. म्हणून आता घरचं दार ठोठावते आहे. तू येशील का?

नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. म्हणजे थोडी रागावेन, पण ते तुला सवयीचं आहे. वहिनींना नमस्कार सांग, गुडघ्याला शेक देतात का ते विचार.

लोभ आहेच; उत्तर न देण्याइतका तो पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
धाकटी


१९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो आणि ती माझ्यावर कुरकुरते, त्यामुळे दोघांचाही वेळ बरा जातो. शेजारचा बेकरीवाला सकाळी गरम पाव आणून देतो. जळका निघाला तर तुमच्यासाठी मुद्दाम खरपूस ठेवला म्हणतो. आपल्यांपैकीच आहे, तेव्हा बोलायची सोय नाही.

दुकान व्यवस्थित चालू आहे. नंबर तपासायचं काम मात्र मी आवरतं घेतलं आहे. हॉस्पिटलात एक मोठं यंत्र आलंय, त्यावर हनुवटी टेकवली की ते आपोआप नंबर सांगतं. लोक तिथून चिठ्ठी आणतात, मी काचा बसवून देतो. यंत्राला पगार नाही, म्हातारपण नाही आणि बहीण नाही. त्याच्याशी मी काय स्पर्धा करणार?

समितीपुढे मी येणार नाही. पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये म्हणतात ते खोटं नाही. त्या दोघांतला एकजण आपल्याच रस्त्याने कामाला जातो. उंच, जरासा पोक काढून चालणारा. तो मला दिसतो, मी त्याला दिसतो, आणि आम्ही दोघं विजेच्या खांबाकडे बघतो. असं आमचं छान जमलं आहे. उद्या पेपरात माझा फोटो आला की त्याला माझ्याकडे बघावं लागेल. शिवाय लोक चष्मेवाल्याकडे चष्म्यासाठी येतात, त्याची कर्मकहाणी ऐकायला नाही.

मला न्याय नको असं समजू नकोस. मला दुपारी माझ्या दुकानात बसून चहा प्यायचा आहे, तोही गरम असताना. तुझा कायदा झाला तर मला आनंदच आहे. पण तुझ्या गाडीला मला जुंपू नकोस, मी चढावर बसकण मारणारं जनावर आहे.

तुझं अक्षर दमलेलं दिसलं. ओळी शेवटाकडे खाली उतरतात. तिकडेच कुठेतरी डोळे तपासून घे, आणि दुपारचं जेवण चुकवत जाऊ नकोस.

कळावे. लोभ असावा, आग्रह नसावा.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा नकार मी वकीलबाईंना वाचून दाखवला. त्या बसकण मारणाऱ्या जनावरावर फार हसल्या आणि मग म्हणाल्या, हाच माणूस हवा होता. असो.

काल समितीची पहिली बैठक झाली. ती मी विसरेन असं वाटत नाही. गृहखात्याचे अधिकारी उठले आणि त्यांनी आमचाच वार्षिक अहवाल वर धरला. तुला सांगायला हवं, आमच्या अहवालात 'सावरले' नावाचा एक रकाना असतो. मार खाल्लेल्या माणसाने काम पुन्हा सुरू केलं, दुकान उघडलं, शाळेत परत गेला, की आम्ही तिथे खूण करतो आणि फाइल बंद करतो. देणगीदारांना ते बघून समाधान वाटतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही वाटतं. अधिकारी म्हणाले, संस्थेच्याच सांगण्याप्रमाणे बहुतेक सगळे सहा महिन्यांच्या आत सावरलेले आहेत, मग आहे तो कायदा पुरतो असंच म्हणायचं ना? कोणी हसलंसुद्धा नाही. सगळ्यांनी शांतपणे माना डोलावल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची?

त्या रकान्यात तू आहेस, दादा. ती खूण मीच केलेली आहे. तेव्हा फोनवर मी विचारलं होतं, दुकान उघडलंस का, आणि तू म्हणालास, उघडलं, ग्राहकही येतात. मी तिथल्या तिथे खूण केली आणि पुढची फाइल ओढली.

आता मला एकच सांग. ती खूण बरोबर आहे ना? तेवढं हो म्हण, मी पुन्हा सुनावणीचं नाव काढणार नाही.

उत्तराची वाट पाहते. लोभ ठेव, निदान खरं बोलण्यापुरता.

तुझी,
धाकटी


२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र आलं ते ह्यांनी मला नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवलं, पण शेवटचा प्रश्न गिळला. मी तो मागाहून वाचला. चार दिवस झाले, उत्तराला हात लावलेला नाही, म्हणून उत्तर मीच देते.

हॉस्पिटलात यंत्र आलंय हे खरं. पण काम त्याने कमी झालेलं नाही. नंबर तपासायचा तर दुकानातला दिवा मालवून अंधार करावा लागतो, हे मी तुम्हाला काय सांगणार, लहानपणी तुम्ही त्याच अंधारात बसून तक्त्यावरची अक्षरं ओळखलीत. त्या दुपारनंतर ह्यांच्याने दिवा मालववत नाही. दुकान नव्याने उघडलं तेव्हा एका शाळेतल्या बाईंना खुर्चीत बसवलं, दिवा मालवला आणि लगेच लावला. पुन्हा मालवला, पुन्हा लावला. मग बटणावर गेलेला हात तिथेच राहिला. मी डबा घेऊन आले होते, दारातून सगळं पाहिलं. बाई शहाण्या होत्या, घाईचं काम आठवलं म्हणून उठून गेल्या. तेव्हापासून जो येईल त्याला हॉस्पिटलात पाठवतात. अक्षरांचा तक्ता काढून कपाटामागे उभा करून ठेवलाय.

दाराला आतून कडी असते. ग्राहकाने टकटक करायची, ह्यांनी काचेतून बघायचं, मग कडी काढायची. निम्मे लोक तेवढ्यात निघून जातात. मी काही विचारलं तर म्हणतात वय झालं. छप्पन्न म्हणजे काय वय आहे का, वन्सं? माझ्या वडिलांनी त्या वयात घर बांधायला काढलं होतं.

मला हे सगळं दिसतं हे त्यांना कळू नये म्हणून मीही जपून वागते. एका घरात दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतात, असलं आमचं चाललंय. आता मला कंटाळा आला आहे. तुम्ही आग्रह सोडू नका. घरच्यांसमोर बोलत नाहीत, परक्यांसमोर तरी बोलतील.

पत्राचं उत्तर माझ्या नावाने, पण बेकरीच्या पत्त्यावर पाठवा. लोभ आहे तसाच राहावा.

तुमची,
वहिनी


२६ फेब्रुवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसून राहिले. लोक बाजूने जात-येत होते.

माझ्या टेबलासमोर रोज कोणीतरी बसतं आणि म्हणतं, काही झालं नाही हो, पाय घसरला, दारावर आपटलो. अर्ध्या वाक्यात माझ्या लक्षात येतं. नवीन मुलींना मीच शिकवते की सांगितलेलं कारण जितकं नेटकं, तितका संशय घ्यावा. आणि सख्ख्या भावाने यंत्राचं कारण सांगितलं तर मला ते पटलं, कारण त्याने मला हसवलं. मला माझीच लाज वाटते, वहिनी.

तुमचं ऐकणार नाही. आता मी त्याला आग्रह करणार नाही. ज्याला स्वतःच्या दुकानातला अंधार सोसत नाही, त्याला अनोळखी माणसांच्या रांगेपुढे बसवून आणलेला कायदा मला नको. वकीलबाईंना सांगितलं की माझा भाऊ येणार नाही. त्या म्हणाल्या, मग मसुदा पडेल. मी म्हटलं, पडू दे. खोलीतून जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

त्याच्या नावापुढची खूण खोडली आहे. त्याला सांगू नका. तुम्ही स्वतःला जपा, आणि गुडघ्याचं खरं काय ते मला लिहा, विनोद नकोत.

लोभ असावा, माझ्याकडून कमी पडला असला तरी.

तुमची,
धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आता ते द्यायची गरज नाही, मी येतो आहे.

काल तो आला होता. पोक काढून चालणारा. टकटक झाली, काचेतून पाहिलं तर तो. कडी का काढली ते मला विचारू नकोस, मलाच ठाऊक नाही. ग्राहक दिसला की हात जातो. तो स्वतःच्याच चष्म्यावर बसला होता, दांडी वाकली होती. मी स्क्रू काढला, दांडी गरम करून सरळ केली, नाकावरचे पॅड बदलून दिले. ज्या मनगटावर त्याने पाय दिला होता त्याच मनगटाने. चष्मा नीट बसला का ते बघायला माणसाच्या कानामागे बोट घालावं लागतं. तेही घातलं. आरशात बघून तो खूश झाला आणि जाता जाता म्हणाला, काय, बरं आहे ना सगळं? मी म्हणालो, बरं आहे.

तो गेल्यावर मी कडी घालून बसलो. त्याचा राग आला नाही इतका मला माझा आला. त्याच्या लेखी ती गोष्ट केव्हाच मिटली आहे. आणि त्याच्यासाठी ती मिटवून कोणी दिली? मीच, दोन शब्दांत, फुकट.

तुझ्या वहिनीने तपकिरी कोट बाहेर काढला आहे. तो मला पोटावर होत नाही, पण समितीला माझं पोट बघायचं नसेल. किती वेळ बोलायचं आणि समोर पाणी ठेवतात का, तेवढं कळव. काय बोलायचं ते मात्र शिकवू नकोस. तुझ्या आधी मी बोलायला शिकलो आहे.

लोभ वाढवावा, स्टेशनवर न्यायला यावं.

तुझा,
दादा


२४ मार्च

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादा सुखरूप पोचला असेल. तो तुम्हाला काही सांगणार नाही, म्हणून लगेच लिहिते.

सुनावणीची खोली लांबट, खिडक्या उंचावर, टेबलावर हिरवं कापड. दादाला अगदी टोकाला खुर्ची दिली. मला मागच्या बाकावर बसवलं होतं, तिथून बोलायची परवानगी नसते. वहिनी, तो फार चांगलं बोलला. आवाज चढवला नाही, रडला नाही. दोघं कसे शिरले, कोणी काय उचललं, मनगट कसं मोडलं, सगळं जसं झालं तसं सांगितलं. मारताना ते जे शब्द म्हणत होते तेही त्याने जसेच्या तसे उच्चारले. ते त्याने आजवर मलाही सांगितले नव्हते. लिहून घेणाऱ्या बाईंचा हात थबकला. वकीलबाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

मग समितीचे अध्यक्ष, वयस्कर, फार सभ्य गृहस्थ, पुढे वाकले आणि त्यांनी मायेने विचारलं, आता कसं आहे तुमचं?

दादाने कोटाचं बटण चाचपलं. आणि म्हणाला, बरं आहे साहेब, आपली कृपा.

अध्यक्षांना खरोखरच बरं वाटलं. त्यांनी आभार मानले. गृहखात्याच्या अधिकाऱ्यांनी ते वाक्य लिहून खाली रेघ मारली, ती मला मागच्या बाकावरून दिसली. झालं. सुनावणी संपली.

बाहेर आल्यावर मी बोलू नये ते बोलले. एवढ्या लांबून तू हेच सांगायला आला होतास का, नऊ वर्षांवर पाणी ओतलंस, असं सगळं, तेही फुटपाथवर, लोक बघत असताना. त्याने कोट काढून हातावर घेतला. मग म्हणाला, अध्यक्षांचा चष्मा डावीकडे कलतो, त्यांना कोणी सांगत कसं नाही? मला रडायचं होतं आणि मी हसले. गाडीत चढताना त्याने एवढंच म्हटलं, त्यांनी इतक्या चांगुलपणाने विचारलं गं, बरं नाही असं तोंडावर कसं सांगणार?

दिव्याचं मला माहीत आहे हे मी त्याला सांगितलं नाही, तुमचा शब्द राखला. पण राखला ते चांगलं केलं की वाईट, कळत नाही. तुम्ही त्याला काही बोलू नका, मी दोघींच्या वाटचं बोलून घेतलं आहे.

लोभ असू द्या, दोघांचाही.

तुमची,
धाकटी


२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरी पोचलो. तू बोललीस ते खरंच होतं. माझ्या हातून काम बिघडलं. वकीलबाईंना माझ्या वतीने क्षमा माग.

आणखी लिहवत नाही.

दादा


१७ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मेपासून तीन पत्रं लिहिली, तुझ्याकडून ओळ नाही. वहिनी कळवतात की तू ठीक आहेस. त्या शब्दावर आता माझा काडीचा विश्वास नाही, पण दुसरं काही हाती नसल्यामुळे तोच घेऊन बसले आहे. फुटपाथवर मी जे बोलले ते परत घेते. ते तुझ्यावर नव्हतंच, नऊ वर्षांचा शीण होता आणि तू जवळ सापडलास.

कायदा झाला. अभिनंदन करायची घाई करू नकोस. जास्त शिक्षेचं कलम गेलं. नुकसान भरून देण्याचं गेलं. तपासाला वेगळे अधिकारी द्यायचे होते, तेही गेलं. उरली एक ओळ. मारहाणीची तक्रार कोणी आणली तर पोलिसांनी त्याला विचारायचं, तुम्हाला का मारलं असं वाटतं? आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. ऑक्टोबरपासून लागू. डोंगर पोखरून उंदीर काढला, दुसरं काय. वकीलबाई म्हणाल्या, दगडापेक्षा वीट मऊ, आणि रजा टाकून घरी गेल्या. दोन दिवस नुसत्या झोपल्या म्हणे.

ही एक ओळ कशी वाचली ते मात्र तुला कळायला हवं. शेवटच्या बैठकीत एका सदस्याने विचारलं, का मारलं, हे पोलिसांनी त्या चष्मेवाल्याला विचारलं होतं का? सगळे कागद उलटेपालटे केले. कोणीच विचारलं नव्हतं. तेव्हा तुझे ते कलत्या चष्म्याचे अध्यक्ष म्हणाले, निदान एवढं तरी ठेवा, आणि त्यावर अडून बसले. म्हणजे तुझ्या हातून काम बिघडलं नाही. जे थोडं राहिलं ते तुझ्यामुळे राहिलं.

आमच्या अहवालातला तो रकाना काढून टाकला. त्याच्या जागी काय घालायचं यावर अजून वाद चालू आहे, तो बहुधा पुढची नऊ वर्षं चालेल. मी त्यात असेन असं वाटत नाही. खरं सांगू का, राजीनामा मनात लिहून झालाय, कागदावर उतरवायचा तेवढा बाकी आहे. एक प्रश्न मिळवला, आणि त्याचं उत्तर काय येणार ते मला आजच माहीत आहे. काही नाही साहेब, विशेष काही नाही. आपली माणसं तेच म्हणणार. मग पोलीस तेच लिहून घेतील, आणि पुढच्या वेळी तो कागद आमच्याच तोंडावर मारतील.

तू दोन ओळी तरी लिही. रागाच्या असल्या तरी चालतील.

लोभ मागत नाही, तो माझा हक्कच आहे.

तुझी,
धाकटी


३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तर दिलं नाही याचा राग अजून शिल्लक असेल तर हे पत्र वाचून संपेपर्यंत थांब, मग एकदमच काय ते रागावून घे. लिहायला लाज वाटत होती, दुसरं कारण नाही. आणि राजीनाम्याचं इतक्यात ठरवू नकोस, आधी पुढचं वाच.

सोमवारी सकाळी बेकरीवाल्याचं झालं. तिघं होते, माझ्याकडे आले होते ते नव्हेत. मळून ठेवलेलं पीठ रस्त्यावर फेकलं, फळ्या पाडल्या आणि त्याला भट्टीच्या दारावर ढकललं. कोपर भाजलं. जाताना तेच म्हणाले जे त्या दोघांनी मला ऐकवलं होतं. भिंतीपलीकडून मला शब्दन् शब्द ऐकू आला. मी धावत बाहेर आलो असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं, पण ते गेल्यावरच मी कडी काढली.

कोपरावर मलमपट्टी करून मी त्याला ठाण्यावर नेलं. तो येत नव्हता. भट्टी निवेल, उद्याचे पाव कोण देणार, असली कारणं सांगत होता. कारणं सांगण्यात माझा हातखंडा, त्यामुळे माझ्यापुढे त्याचं काही चाललं नाही. ठाण्यावरचा पोलीस तरुण होता, वागायला सभ्य. त्याने बाकडं पुसून दिलं. नाव विचारलं, किती जण होते, काय काय मोडलं, सगळं लिहिलं आणि सहीसाठी कागद फिरवला.

मी म्हटलं, एक प्रश्न राहिला. त्याने कागद पुन्हा पाहिला. अगदी तळाला बारीक अक्षरात होता. तो म्हणाला, हो की, हा नवीन आलाय, आणि त्याने वाचून विचारला. तुम्हाला का मारलं असं वाटतं?

बेकरीवाला हसला. म्हणाला, काही विशेष नाही साहेब, होतं असं कधी कधी. पोलीस ते लिहायला लागला.

मी म्हटलं, परत विचारा.

तो म्हणाला, काका, त्यांनी सांगितलं ना. ते खरंच होतं. पुढे काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून आलं ते आलं. मी म्हटलं, मी यांचा शेजारी, चष्मेवाला. मलाही एका चांगल्या माणसाने मायेने विचारलं होतं, आणि मी बरं आहे म्हणालो. मी बरा नाही. मला माझ्याच दुकानातला दिवा मालवता येत नाही. दिवा मालवल्याशिवाय डोळे तपासता येत नाहीत, आणि मला आयुष्यात तेवढंच एक काम नीट येतं. हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही. म्हणून सांगतो, पहिलं उत्तर धरू नका. ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिलेलं असतं. परत विचारा.

तुझ्या वहिनीला यातलं काही माहीत नाही, तू कळवू नकोस, मी सांगेन. आज सांगणार आहे, म्हणून पत्र आधी तुला लिहून हात मोकळा करून घेतो आहे.

पोलिसाने कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. मग त्याने लिहिलेली ओळ खोडली, खुर्ची बेकरीवाल्याकडे वळवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी कागदाकडे न बघता. बेकरीवाला कोपर धरून बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला लागला. कागद पुरला नाही, दुसरा घ्यावा लागला.

कळावे, लोभ असू दे.

तुझा,
दादा